द्राक्षरसाचा स्वदेश

मद्याचा विषय ह्या सदरात निघालेला पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, ह्याची आम्हांस कल्पना आहे. आमचे मासिक घरातील आजींपासून शाळकरी नातवंडांपर्यंत सर्वांच्या हाती पडते. तेव्हा आरंभीच सांगून टाकलेले बरे की, कोणाच्याही हाती पेला द्यावा असा आमचा हेतू नाही. मद्यार्काचे कोणतेही प्रमाण प्रकृतीस निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली स्पष्ट केले आहे आणि त्यात भर घालण्याजोगे आमच्यापाशी काही नाही. परंतु पिणे निराळे आणि जाणणे निराळे. एखादा पदार्थ आपल्या जन्मभूमीची, आपल्या जातीची आणि आपल्या जन्मवर्षाची साक्ष किती बारकाईने देऊ शकतो, हे पाहावयाचे असेल तर उत्तम वाइनइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. आणि 'आपण मूळचे कुठले?' हा प्रश्न ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो, त्या आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबांना तर ह्या साक्षीत विशेष रस वाटावा.

ही विद्या सर्वस्वी परकी आहे असेही कोणी समजू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या कर्तव्यांचे एक प्रकरण आहे. पिठापासून, गुळापासून, फळांपासून होणाऱ्या नाना मद्यांची कृती तेथे साहित्याच्या प्रमाणासह दिली आहे. द्राक्षाच्या मद्याची वेळ आली, की मात्र ग्रंथकार कृती सांगत बसत नाही. द्राक्षरसाला 'मधु' म्हणावे आणि ज्या देशात तो होतो त्या देशावरून त्याची ओळख करून घ्यावी, एवढेच तो सांगतो, आणि कापिशायन व हारहूरक अशी दोन नावे देतो. कापिशी म्हणजे आजच्या काबूलच्या उत्तरेकडील प्रदेश. हारहूर हाही वायव्येकडचाच देश. अन्य मद्यांची ओळख त्यांत काय घातले ह्यावरून पटते, द्राक्षाच्या मद्याची ओळख मात्र ते कोठून आले ह्यावरून, हा विवेक आपल्याकडे इतका जुना आहे. फ्रान्सने 1935 साली कायदा करून गावांच्या नावांना जे संरक्षण दिले, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे.

आता हा 'देश' म्हणजे नेमके काय? फ्रेंच लोक त्यासाठी 'तेर्वार' असा शब्द वापरतात. माती, तिच्याखालचा खडक, जमिनीचा उतार, उन्हाची दिशा, वारा आणि पाऊस ह्या सर्वांचा मिळून जो गुण, तो तेर्वार. आपण त्यास भूमिगुण म्हणू. शब्द नवा असला तरी आमच्या नौबादच्या आणि एकूणच बिदर-कलबुर्गीच्या मराठी घरांना ही कल्पना नवी वाटण्याचे कारण नाही. बिदरीची सुरई किंवा पानदान ज्या घरात आहे, त्या घराने भूमिगुण डोळ्यांनी पाहिला आहे. जस्त आणि तांब्याचा तो धातू काळाभोर होतो, तो बिदरच्या किल्ल्यातील जुन्या, ऊन-पाऊस न लागलेल्या जागेच्या मातीने. ती माती नवसागराबरोबर पाण्यात कढवून लावली, की धातू काळा पडतो आणि त्यावरील चांदीची नक्षी तशीच लखलखत राहते. साधी माती घेऊन तो रंग उतरत नाही, असे कारागीर सांगतात. तीच गोष्ट कलबुर्गीच्या तुरीची. चुनखडीच्या थरांवरील काळ्या जमिनीत पिकलेल्या त्या डाळीचे वरण वेगळे लागते, हे आमच्या गृहिणी पूर्वीपासून जाणून होत्या. भौगोलिक मानांकनाचा शिक्का तिच्यावर 2019 साली उमटला.

ही चुनखडी आमच्या बहुतेक वाचकांच्या पायांखालून गेलेली आहे. मराठी घराघरांतून, वाड्यांच्या ओट्यांवर आणि स्वयंपाकघरांत जी शहाबादी फरशी बसली, ती कलबुर्गी जिल्ह्यातील चुनखडकाचीच. योगायोग असा की, जगातील अत्यंत महागड्या वाइन ज्या भूमीतून येतात, ती फ्रान्समधील बर्गंडीची टेकडीही चुनखडीची आणि चुनमिश्रित चिकणमातीची आहे. तेथे पांढऱ्या वाइनसाठी शार्दोने आणि लाल वाइनसाठी पिनो न्वार ह्या दोनच जाती प्रामुख्याने लावतात. परंतु ह्या दोन जातींच्या आधारे बाराशेंहून अधिक लहानमोठ्या शेतांची नावे स्वतंत्रपणे ओळखली जातात, आणि 2015 साली युनेस्कोने त्या शेतांची जागतिक वारशात गणना केली. सिस्टर्शियन पंथाच्या साधूंनी मध्ययुगात तेथे क्लो द वूजो नावाची बाग दगडी कुंपण घालून राखली. सुमारे 50 हेक्टरांच्या त्या एकाच कुंपणात वरच्या खडकाळ उताराची वाइन आणि खालच्या ओलसर, चिकण भागाची वाइन ह्यांत जाणकार आजही फरक करतात. जात एक, कुंपण एक, साल एक; केवळ जमिनीची पातळी बदलली.

मग दगडाची चव द्राक्षात उतरते काय? पुष्कळ हौशी मंडळी तसे बोलतात. परंतु शास्त्र त्यास दुजोरा देत नाही. वेलीच्या मुळांतून खडकाची चव फळात चढत नाही. जमीन आपला प्रभाव पाडते तो मुख्यतः पाण्याच्या वाटेने, आणि येथे नौबादच्या वाचकांना लांब जाण्याची गरज नाही. नौबादच्या भूमीखालून बहामनी काळी खोदलेला कारंझ, म्हणजे भुयारी पाण्याचा मार्ग, हा ह्याच तत्त्वावर उभा आहे. वरचा जांभा दगड सच्छिद्र. पावसाचे पाणी तो शोषून घेतो. त्याच्या खालचा काळा पाषाण पाणी सहजासहजी आत घेत नाही. दोहोंच्या सांध्यावर पाणी साचते, आणि इराणी धर्तीच्या त्या भुयाराने नेमका तो सांधा गाठून पाणी वस्तीकडे वाहून नेले. ठरावीक अंतरावर विहिरींसारखे उभे झरोके ठेवले, ते खोदकामासाठी, हवेसाठी आणि देखरेखीसाठी. ज्या कोणी हे काम केले, त्याला जमीन पाणी कोठे धरते आणि कोठे सोडते हे अचूक कळत होते. उत्तम द्राक्षबाग लावणाऱ्यालाही हेच कळावे लागते. वेलीला पाणी मुबलक मिळाले तर ती पाने वाढवते, मणी फुगतात आणि रस पांचट होतो. पाणी बेताने मिळाले, मुळांना खोल जावे लागले, तर मणी लहान राहतात. रसाच्या मानाने सालीचे प्रमाण वाढते, आणि लाल वाइनचा रंग, तुरटपणा व सुगंधाचा मोठा अंश सालीतूनच येतो. बोर्दोत नदीच्या डाव्या तीरावर पाण्याचा झटपट निचरा करणारी, लवकर तापणारी गोटेमिश्रित जमीन आहे. तेथे उशिरा पिकणारी कॅबर्ने सोव्हिन्यों शोभते. उजव्या तीरावर पोमेरोलकडे थंड, ओल धरणारी चिकणमाती आहे. तेथे लवकर पिकणाऱ्या मर्लोचे राज्य आहे.

येथून आपण भूमीकडून जातीकडे येतो. खाण्याचे द्राक्ष आणि वाइनचे द्राक्ष ह्यांत तेवढाच फरक आहे, जेवढा हापूस आणि लोणच्याच्या कैरीत. हैदराबाद संस्थानच्या काळापासून आमच्या भागात नावाजलेली टपोऱ्या मण्यांची अनाब-ए-शाही काय, किंवा सोलापूर-सांगलीकडची बिनबियांची सोनाका आणि तास-ए-गणेश काय, ही जिभेला आणि बेदाण्याला उत्तम. वाइनची जात मात्र बारीक मण्यांची, जाड सालीची आणि बियांची असते. खाण्यास ती कोणी हौसेने घेणार नाही.

जातींच्या कुळकथाही मोठ्या मनोरंजक आहेत. त्यांतील एक तर कलबुर्गीच्या दारापर्यंत येऊन परतलेली आहे. मद्याच्या रूपकांतून ईश्वरप्रेम गाणारा शिराझचा कवी हाफिज ह्यास बहामनी सुलतान दुसरा महमद ह्याने गुलबर्ग्यास येण्याचे आमंत्रण दिले होते, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. हाफिज होर्मुझ बंदरापर्यंत आला, जहाजावर चढला. परंतु तुफान पाहून त्याचा धीर सुटला आणि तो माघारी वळला. हाफिज आला नाही. पण सहाशे वर्षांनी 'शिराझ' नावाचे द्राक्ष मात्र दख्खनमध्ये येऊन नांदू लागले. ह्या नावावरून ती जात इराणातून निघाली असावी, असा समज दीर्घकाळ होता. 1998 साली गुणसूत्रांच्या परीक्षेने निर्णय दिला की, तिचे जनक दुरेझा आणि मोंद्यूझ ब्लांश ह्या आग्नेय फ्रान्समधील दोन सामान्य जाती आहेत. त्याच्या आदल्याच वर्षी कॅबर्ने सोव्हिन्यों ही कॅबर्ने फ्राँ व सोव्हिन्यों ब्लाँ ह्यांची संतती असल्याचे सिद्ध झाले होते. नावात गाव आहे म्हणून मूळ तेथेच असेल असे नाही. ही गोष्ट आडनावांवरून गाव ओळखणाऱ्या आम्हां मराठी मंडळींनी ध्यानात ठेवावी.

तिसरी साक्ष सालाची. वाइनच्या बाटलीवर छापलेले वर्ष हे ती भरल्याचे नसते. द्राक्षे तोडल्याचे असते. युरोपात वेल हिवाळ्यात निद्रिस्त होते, वसंतात फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळ देते. 1961 साली बोर्दोत वसंतातील थंडीने फुलोरा गळाला, घड थोडे लागले. पुढे उन्हाळा कोरडा व उबदार गेला, आणि त्या थोड्या घडांतून शतकातील श्रेष्ठ वाइनांपैकी काही निर्माण झाल्या. 2003 च्या प्रचंड उष्म्यात बर्गंडीतील तोडणी ऑगस्टमध्येच सुरू करावी लागली. उष्णतेने साखर भराभर वाढते आणि आंबटपणा उतरतो. ज्या वाइनने अंगी आंबटपणा राखला नाही, ती बेचव आणि अल्पायुषी ठरते.

दख्खनमधील वेलीचे वर्ष निराळे आहे, कारण येथे तिला झोपच नाही. इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबादेस आला, तेव्हा तेथील द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, ह्याचे त्याला नवल वाटले. दख्खनची वेल खरोखरच दोन बहरांची आहे. म्हणून आमचा शेतकरी वर्षातून दोनदा कात्री चालवतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून काड्या तयार करतो, आणि पाऊस ओसरल्यावर गोडी छाटणी करून त्या काड्यांवर फळ धरतो. फळ पिकते ते जानेवारी ते मार्चमध्ये, थंड रात्री आणि कोवळी उन्हे ह्यांच्या साथीने. जगातील बहुतेक थोर द्राक्षभूमी 30 ते 50 अक्षांशांच्या दरम्यान आहेत. नाशिक विसाव्या अक्षांशावर आणि बिदर अठराव्याच्या आसपास आहे. अक्षांशाने जी थंडी नाकारली, ती पठाराची उंची आणि हिवाळ्याचा मोसम थोडीबहुत भरून काढतात. तरी येथील सालाचे शत्रू वेगळेच. नोव्हेंबर 2009 मधील फयान वादळाचा पाऊस, 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट, ऑक्टोबर 2019 मधील न थांबणारा परतीचा पाऊस, ही वर्षे बागाइतदारांच्या तोंडपाठ आहेत. केवडा आणि भुरी ह्या रोगांनी एका आठवड्यात वर्षाची मेहनत जाते. बाटलीवरील चार आकड्यांत हे सर्व दडलेले असते.

ह्या अवघड भूमीत वाइनचे धाडस केलेल्यांची नावे आता सर्वज्ञात आहेत. नारायणगाव परिसरात शामराव चौगुले ह्यांनी 1980 च्या दशकात 'ओमर खय्याम' ही फेसाळ वाइन काढून थेट युरोपच्या बाजारात पाठवली. बंगळूरजवळ नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी कंवल ग्रोव्हर ह्यांनी फ्रेंच जाती रुजवल्या. राजीव सामंत ह्यांनी 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात नाशिकला गंगापूर धरणाजवळ सोव्हिन्यों ब्लाँ व शनँ ब्लाँ लावून 'सुला'चा पाया घातला. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या मोहिते-पाटील बंधूंनी इटालियन भागीदारांसह सांजोव्हेजे ही तस्कनीची जात माळशिरसच्या माळावर आणली. महाराष्ट्राने 2001 साली आणि कर्नाटकाने 2007 साली ह्यासाठी स्वतंत्र धोरण आखले. 'नाशिक व्हॅली वाइन' ह्या नावाला आता भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे कौटिल्याच्या यादीला तिसरे नाव मिळाले, असे म्हणण्यास हरकत नाही.

परंतु आमच्या मते ह्या उद्योगाची खरी कसोटी अजून पुढेच आहे, आणि ती बाजाराची नव्हे. आपल्या वाइनची स्तुती करताना 'अगदी फ्रेंचसारखी' असे म्हणण्याचा मोह अजून सुटलेला नाही. वस्तुतः शनँ ब्लाँ ह्या एकाच जातीकडे पाहा. तिच्या मूळ भूमीत, फ्रान्सच्या ल्वार नदीकाठी, ती थंड हवेत पिकून तीक्ष्ण आंबटपणा राखते आणि दशकानुदशके टिकते. दक्षिण आफ्रिकेत ती काही शतकांपूर्वी गेली, 'स्टीन' ह्या नावाने तेथलीच झाली, आणि आज तेथील शेतकरी तिला परकी मानत नाहीत. नाशिकची शनँ पिकल्या फळांच्या वासाची, मऊ, लवकर प्यावयाची. तिने ल्वारची नक्कल केली तर ती दुय्यमच राहील. नाशिकची म्हणून उत्तम झाली, तर तिची जागा कोणी घेऊ शकणार नाही.

हाच मोह आमच्या घरांतही आहे, हे लिहिल्यावाचून राहवत नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याची विभागणी झाली आणि बिदर-गुलबर्ग्याची मराठी कुटुंबे कन्नड राज्यात राहिली. तेव्हापासून, किंबहुना त्याच्याही आधीपासून, आमच्या मराठीत कन्नडचे हेल आणि दखनीचे शब्द मिसळलेले आहेत. पुण्यामुंबईचे आप्त आले, की आमची मुले संकोचून बोलतात. काही तर मराठी बोलणेच टाळतात. त्यांना वाटते, आपली भाषा अस्सल नाही. आम्हांस ह्या संकोचाची चिंता वाटते. कारण भाषा जाते ती कोणी हिरावून घेतल्याने नव्हे, घरातील माणसाला ती बोलण्याची लाज वाटू लागल्याने.

अशा वेळी द्राक्षाच्या कलमाचा दाखला द्यावासा वाटतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्समधील वेलींची मुळे खाऊन बागाच्या बागा उजाड केल्या. उपाय सापडला तोही अमेरिकेतच. ह्या किडीला न जुमानणाऱ्या अमेरिकन वेलीचा खुंट घ्यावयाचा आणि त्यावर आपल्या जातीची काडी बांधावयाची. आज फ्रान्समधील बहुतेक थोर वाइन अशा परक्या मुळांवर उभ्या आहेत, आणि त्यामुळे त्या कमी फ्रेंच झाल्या असे कोणी म्हणत नाही. आपल्याकडेही क्षारयुक्त पाणी आणि दुष्काळ सोसावा म्हणून खाण्याची द्राक्षे बहुधा टेक्सासच्या डॉगरिज खुंटावर बांधतात. फळ मात्र काडीच्या जातीचे येते. खुंट जमिनीशी जुळवून घेतो; काडी आपले कूळ राखते.

ह्यात बागाइतदाराचे एक काम मात्र कधी सुटत नाही. कलमाच्या सांध्याखालून खुंटाला स्वतःची फूट येत असते. ती वेळच्या वेळी काढली नाही, तर खुंट जोमाने वाढतो आणि वरची काडी हळूहळू वाळून जाते. त्यात खुंटाचा दोष नसतो. लक्ष न देणाऱ्याचा असतो. ज्या भूमीने आम्हांस पाणी दिले, तिची भाषा आमच्या मुलांनी उत्तम शिकावी, कन्नडमधील वचने आणि दासांची पदे त्यांनी आपली मानावीत, असेच आम्हांस वाटते. परंतु घरातील रोजचे बोलणे, आजीच्या ओव्या, सणावारांची नावे, पत्रातील मायना ही काडी आहे, आणि तिच्याकडे रोज पाहावे लागते. नौबादच्या कारंझाचेही हेच झाले होते. झरोके बुजले, गाळ साठला आणि खाली पाणी असूनही ते कित्येक वर्षे वर येईना. अलीकडच्या काळात गाळ उपसला तेव्हा ते पुन्हा दिसले. आटला तो कारंझ नव्हता. आटली होती ती देखरेख.

असो. द्राक्षापासून निघून आम्ही घरच्या अंगणात आलो, ह्याबद्दल वाचक रागावणार नाहीत अशी आशा आहे. पुढेमागे कोणा पाहुण्याने नाशिकची किंवा नंदीची बाटली समोर ठेवली, तर ती उघडण्याचा निर्णय ज्याने त्याने आपल्या प्रकृतीप्रमाणे आणि घरच्या रीतीप्रमाणे घ्यावा. तिच्यावरील चिठ्ठी मात्र मुलांकडून अवश्य वाचून घ्यावी: भूमी कोणती, जात कोणती, साल कोणते. मग त्यांना सांगावे की, हेच तीन प्रश्न ताटातल्या तुरीच्या वरणालाही विचारता येतात. आणि कोणी त्यांनाच विचारले, 'तुम्ही कुठले?', तर नौबादचे, असे त्यांनी मराठीत, आपल्या हेलात, खुशाल सांगावे.